धर्मादाय कोणाचा?



सौद्यावर थोडे शुल्क बसवावे आणि त्यातून दानधर्म चालवावा, ही कल्पना सध्या संगणकावरच्या आभासी चलनाच्या बाजारात नवी म्हणून मिरवते आहे. बायनान्स या बाजाराने ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर केले की, नवे चलन बाजारात नोंदवून घेण्याचे सारे शुल्क धर्मकार्याला जाईल. सांगलीच्या पेठेतल्या माणसाला यात नवे ते काय? हळदीच्या, गुळाच्या पट्टीवर आडत, तोलाई, हमाली यांच्या ओळीतच 'धर्मादाय' हा शब्द येत असे.

आम्ही शाळेत थोडेच शिकलो. अक्षरे पक्की झाली ती वडिलांनी जपलेल्या जुन्या पट्ट्यांवर. एका पट्टीत धर्मादायाचे काही पैसे कापलेले पाहून आम्ही त्यांना विचारले, हे कुठे जातात? ते म्हणाले, "देवाला." पुढे एका धर्मशाळेच्या दगडावर दात्याचे नाव वाचले. ते दुकानदाराचे होते! हळद शेतकऱ्याची, पैसे शेतकऱ्याचे, नाव मात्र शेटजींचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच.

याचा अर्थ सगळेच व्यापारी खोटे होते असा नव्हे. त्या पैशातून पाणपोया चालल्या, पांजरपोळ चालले. प्रश्न पैसा कोणाचा एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 साली झाला. त्याच्या कलम 54 प्रमाणे, व्यापाराच्या रूढीने धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याच्या हाती केवळ विश्वस्त म्हणून असते. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावा लागतो. पुढे हाथरसच्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मादाय हे गिरणीचे उत्पन्नच नव्हे असे ठरविले. म्हणजे त्यावर प्राप्तिकर नाही. व्यापाऱ्यांना हा निकाल गोड लागला. पण जे आपले उत्पन्न नाही ते आपले दानही नाही, हा त्याचाच दुसरा अर्थ कोणी मोठ्याने सांगत नाही.

साताऱ्याकडे वेगळा मार्ग दिसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. घरोघरच्या मूठमूठ धान्याचा तिच्या वसतिगृहांना आधार झाला. ती मूठ कोणी पट्टीतून कापलेली नव्हती. घरची बाई ती स्वतःच्या हाताने घालीत होती.

आणि हमालांचे काय? पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी होते. हीदेखील व्यवहारावरचीच आकारणी; पण तिच्यासाठी हमालाला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. आम्हाला दानापेक्षा हीच रीत पसंत आहे.

आभासी चलनाचे बाजारवाले दान करतात, त्यांनी खुशाल करावे. मात्र शुल्क शेवटी ज्याच्या खिशातून जाते त्याला जमाखर्च दिसला पाहिजे. आमच्या पेठेतही, जिथे धर्मादाय अजून घेतला जात असेल तिथे, भावाच्या फळ्याशेजारी त्याचा जमाखर्च लावावा, अशी आमची मागणी आहे.