पॉल रिव्हिअरची घोडदौड : काव्य आणि इतिहास

इंग्रजी काव्याची गोडी असलेल्या आमच्या वाचकांस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील पॉल रिव्हिअर हा लाँगफेलोच्या कवितेवरून परिचित असेल. नदीपलीकडे घोडा सज्ज ठेवून उभा असलेला वीर, चर्चच्या मनोऱ्यांत उजळलेले दोन कंदील, आणि मग एकट्यानेंच गांवोगांव इशारा देत कॉन्कॉर्डपर्यंत केलेली दौड, हें चित्र मोठें मनोहर आहे. परंतु त्यांत इतिहास किती, हें पाहूं लागल्यास निराळीच हकीकत हातीं येते.

रिव्हिअर हा बोस्टन शहरांतील रुप्याचें काम करणारा कारागीर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं डॉ. जोसेफ वॉरन यांनीं त्यास लेक्सिंग्टन येथें जॉन हॅन्कॉक व सॅम्युएल अॅडम्स या पुढाऱ्यांस सावध करण्यासाठीं पाठविलें. त्याच कामगिरीवर विल्यम डॉझ हा दुसरा स्वार खुष्कीच्या वाटेनें आधींच निघाला होता. कंदील रिव्हिअरला दिसावे म्हणून लावलेले नव्हतेच. ती योजना त्याचीच. आपणांस शहराबाहेर पडतां न आलें तरी नदीपलीकडील चार्ल्सटाउनच्या मंडळींस वार्ता कळावी, हा तींतील हेतु. घोडा तर उसना होता! 'ब्रिटिश आले' ही प्रसिद्ध आरोळीहि मागाहूनची. त्या काळीं तेथील वसाहतवाले स्वतःस ब्रिटिशच समजत. इशारा होता तो 'पलटणी निघाल्या' असा.

आणि कॉन्कॉर्ड? तेथें रिव्हिअर त्या रात्रीं पोंचलाच नाहीं. लेक्सिंग्टनपुढें ब्रिटिश गस्तवाल्यांनीं त्यास पकडलें. डॉझ निसटला, पण पुढें जाऊं शकला नाहीं. वार्ता नेली ती वाटेंत भेटलेल्या सॅम्युएल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरानें. कवितेंत या बिचाऱ्याचें नांवहि नाहीं, आणि हेंच आम्हांस खटकतें.

कवि निरंकुश असतात हें खरें. शिवाय १८६० सालीं लाँगफेलो ही कविता लिहीत होता तेव्हां गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्याचा देश दुभंगण्याच्या बेतांत होता. अशा वेळीं निद्रिस्तांस जागें करणारा एकच वीर कवीस सोयीचा. वस्तुतः एका स्वारापासून दुसऱ्याकडे वार्ता जात राहिली, घंटा वाजल्या, बंदुकींचे बार झाले, आणि शेतकरी शस्त्रें घेऊन बाहेर पडले. ही साखळी आधीं जुळवून ठेवण्यांत रिव्हिअरचा हात होता, व आमच्या मतें त्याची खरी थोरवी याच कामांत आहे.

गस्तवाल्यांनीं घोडा काढून घेऊन त्यास सोडून दिलें, तेव्हां तो पायींच लेक्सिंग्टनला परतला. १९ तारखेच्या पहाटे तेथील मैदानावर पहिल्या गोळ्या झडल्या, त्या वेळीं रिव्हिअर एका सोबत्यासह हॅन्कॉकच्या कागदपत्रांची पेटी उचलून सुरक्षित जागीं नेत होता.