अगॅरिकॉन : जुन्या झाडांवरची बुरशी

अमेरिका आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या घनदाट अरण्यांत डग्लस फरच्या खोडावर, पार उंचावर, कधीतरी एक पांढुरका, भेगाळलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लोंबता गोळा दिसतो. ही अगॅरिकॉन नावाची बुरशी. शास्त्रीय नाव लॅरिसिफोमेस ऑफिसिनॅलिस. आल्प्स पर्वतात आणि सायबेरियात ती लार्च वृक्षांवर आढळते. आपल्याला दिसते ते तिचे फळ; खरा पसारा खोडाच्या आत. तिचे तंतू गाभ्यातले सेल्युलोज खातात, लिग्निन जवळजवळ तसेच सोडतात आणि उरलेले तपकिरी लाकूड चौकोनी तुकड्यांत फुटते. फळाला तळाशी दरवर्षी नलिकांचा नवा थर येतो, त्यामुळे काही फळे अनेक दशके वाढत राहून खांबासारखी लांबतात.

ट्लिंगिट, हायडा आणि त्सिमशियन या तिथल्या मूळ जमाती या फळांतून मानवाकृती कोरत. देवऋषी वारला की त्याच्या समाधीपाशी ती आकृती राखणदार म्हणून ठेवत. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांनी अशा आकृत्या उचलून नेल्या आणि संग्रहालयांत त्या लाकडी म्हणून नोंदल्या गेल्या. रॉबर्ट ब्लँचेट या संशोधकाने तपासणी करून 1992 मध्ये दाखवून दिले की हे लाकूड नाही, अगॅरिकॉन आहे. समाधीवरून वस्तू उचलायची आणि ती कशाची आहे हेही पाहायचे नाही, याला संग्रह म्हणणे मला जड जाते.

युरोपात तिचा लौकिक औषधाचा. पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने तिचे गुण नोंदवले. युनानी वैद्यकात ती ‘गारीकून’ या नावाने आली आणि त्या वाटेने हिंदुस्थानातल्या हकिमांनाही ठाऊक झाली. एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांना रात्री सुटणाऱ्या घामावर तिच्यातले अ‍ॅगॅरिक आम्ल देत. चव कडूजहर, म्हणून अमेरिकेत तिला ‘क्विनाइन’चे नाव चिकटले, क्विनाइन मात्र तिच्यात अजिबात नाही.

हा लौकिकच तिला भोवला. युरोपातली फळे औषधासाठी ओरबाडली गेली आणि जुनी झाडे इमारती लाकडासाठी पडली. पुन्हा लागवड केली म्हणून ती परतत नाही, कारण तिला म्हातारे, जाड गाभ्याचे झाड लागते आणि लाकडासाठी लावलेले डग्लस फर बहुधा चाळीस-साठ वर्षांतच तोडले जातात. 2019 मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत तिची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली.

अगॅरिकॉनच्या कॅप्सूल आज ऑनलाइन विकल्या जातात. त्यांच्या गुणाचे माणसांवरचे पुरावे तोकडे आहेत. तरी घ्यायच्याच असतील, तर आतला माल प्रयोगशाळेत वाढवलेल्या तंतूंचा आहे की जंगलातून तोडलेल्या फळाचा, हे आधी विचारा. जंगलातला असेल तर घेऊ नका.