आधी ब्लाउज उलटा करून बघा

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की ते पुन्हा सुरू होतात. पंचांगाची ही मांडणी भटजींना सोयीची असेल, शिंप्याला मात्र अजिबात नाही. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्याच्या मशीनला उसंत नसते. भाऊबीज उरकून तो पाठ टेकतो न टेकतो, तोच लग्नघरच्या पिशव्या काउंटरवर येऊन पडतात. दादरच्या हिंदमाता भागात जा, पुण्यात लक्ष्मी रोडच्या आजूबाजूच्या बोळांत जा किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडला, नोव्हेंबरात लेडीज टेलरच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: “काका, परवा हळद आहे हो, काहीतरी करा!”

रडारड कशासाठी चाललेली असते, तर ऐंशी सेंटीमीटर ते मीटरभर कापडासाठी. साडीला मापच नसतं. सहावारी असो की नऊवारी, ती कुठल्याही अंगाला नेसवता येते, एक निरी कमी किंवा एक जास्त. येवल्याची पैठणी आईच्या अंगावर जशी बसली तशीच लेकीच्याही बसते. अडतं ते ब्लाउजपाशी. आपल्या आज्यांना हा प्रश्न नव्हता, कारण गुळेदगुड्डच्या खणाची चोळी पुढे गाठ मारून बसवायची असे. अंग भरलं तर गाठ सैल, उतरलं तर गाठ घट्ट. हुक आले, टक्स आले, कटोरी आणि प्रिन्सेस कट आले, आत कप शिवले जाऊ लागले आणि ब्लाउजला पाव इंचाचीही चूक खपेनाशी झाली. त्यात हल्ली लग्न ठरलं की मुली जिमला नाव घालतात. माप देताना एक मुलगी असते, ब्लाउज घालताना दुसरीच.

दाटणारा किंवा ढिला झालेला ब्लाउज हातात आला की बहुतेक जणी आधी आरशासमोर उभ्या राहतात आणि मग रडतात. त्याऐवजी तो उलटा करावा. दुरुस्ती होणार की नाही, याचं उत्तर आतल्या बाजूला असतं.

माझ्या भाचीचा पैठणीवरचा ब्लाउज लग्न तोंडावर आलेलं असताना छातीत आणि दंडात दाटू लागला. टेलरकाकांनी तो अंगावर बघितलासुद्धा नाही. उलटा केला, बगलेपासून कमरेपर्यंतच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “माया एक इंच आहे. पण सगळी देता येणार नाही.” माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. हिशेब साधा होता. दोन्ही बगलांच्या शिवणी मिळून कापडाच्या चार कडा होतात, पुढच्या दोन आणि मागच्या दोन. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला तर ब्लाउज एकूण दोन इंच मोठा होतो. पाऊण इंच सोडला तर तीन इंच, पण मग शिवणीला धरायला पावच इंच उरतो आणि रेशीम तेवढ्यावर टिकत नाही, कडेने निसटतं.

मग त्यांनी ब्लेडने बगलेखालची बोटभर शिवण उसवली. जुनी टीप निघाली आणि तिच्या जागी सुईच्या भोकांची बारीक रांग उघडी पडली. सुती कापड असतं तर एका इस्त्रीत ती भोकं बुजली असती. घट्ट विणीच्या रेशमावर ती राहतात. काकांनी त्या जागी वाफ दिली, नखाने उभं-आडवं घासलं, उजेडाकडे धरून पाहिलं. भोकं पुसट झाली, गेली नाहीत. “इथे हाताखाली झाकलं जाईल,” ते म्हणाले, “पुढच्या प्रिन्सेसच्या टिपा मात्र सोडणार नाही. फोटोत दिसतील.” म्हणजे ब्लाउज किती वाढू शकतो एवढंच पाहून भागत नाही, कुठे वाढला तर दिसणार नाही तेही बघावं लागतं. त्यामुळे शिवायला टाकतानाच ‘आत दीड इंच माया ठेवा आणि ती कापू नका’ असं बिलावर लिहून घ्यावं. काही दुकानांत शिवण बारीक दिसावी म्हणून माया छाटून ओव्हरलॉक मारतात. आतून ते सुबक दिसतं, पण मग वाढवायला काही उरतच नाही.

हे झालं साध्या ब्लाउजचं. आरी किंवा झरदोसी वर्क असेल तर गणित बदलतं. वर्क आधी होतं, शिलाई नंतर. कापड चौकटीवर ताणून, त्यावर मापाप्रमाणे आखून मणी आणि कटदाणा भरतात आणि मग ते टेलरकडे येतं. म्हणजे माप वर्क टाकतानाच पक्कं होऊन बसतं. नंतर अंग उतरलं आणि शिवण आत घ्यायची झाली तर त्या रेषेवरचे मणी एकेक फोडून काढावे लागतात, नाहीतर मशीनची सुई मोडते. अंग भरलं आणि शिवण सोडली तर मधे वर्क नसलेला कोरा पट्टा दिसतो. ज्यांना लग्नाआधी वजन कमी करायचंच आहे त्यांनी वर्क गळा, पाठ आणि बाहीच्या काठापुरतं ठेवावं आणि बगलेकडचे दोन इंच मोकळे सोडायला सांगावेत.

दाटणाऱ्या ब्लाउजमध्ये माया नसली तरी वाट असते. मागचे हुक काढून दोन्ही कडांना लूप लावायचे, त्यातून दोरी ओवायची आणि आतून अस्तराची किंवा उरलेल्या साडीच्या कापडाची पट्टी द्यायची. दोन-तीन इंच सहज मिळतात आणि ती फॅशनच वाटते, विशेषतः खाली लटकन सोडलं तर. बगलेत लहानशी कळी बसवता येते. बाहीचं मात्र कठीण. पैठणीच्या ब्लाउजपीसचा जरीकाठ बाहीला घेतात आणि तो जेवढा आहे तेवढाच असतो. दंडात दाटलं तर आतल्या बाजूने, हात खाली असताना दिसणार नाही अशी त्याच रंगाची पट्टी जोडणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग बाही आखूड करण्याचा, पण काठ कापून टाकायला कुणाचा हात धजत नाही. माझाही धजला नसता.

ढिला ब्लाउज आत घेणं सोपं, असं सगळ्यांना वाटतं. दोन इंचांपर्यंत ते खरंही आहे. त्याच्या पुढे नुसत्या बगला आत घेतल्या तर टक्सची टोकं सरकतात, गळा फाकतो आणि ब्लाउज अंगाला बसण्याऐवजी अंगाभोवती गोळा होतो. अशा वेळी टेलर ‘सगळा उसवावा लागेल’ म्हणाला तर तो पैसे काढतोय असं समजू नये.

आता ट्रायलविषयी. आमच्याकडे ट्रायल म्हणजे आरशासमोर ताठ उभं राहून श्वास रोखणं. लग्नात नवरी असं उभी किती वेळ असते? अंतरपाट दूर झाला की ती हात उंच करून हार घालते, त्यातही नवऱ्याला मित्रांनी उचलून धरलेलं असतं. मग पाटावर मांडी घालून कन्यादान आणि होम, धूर, घाम. सप्तपदी. वाकून नमस्कार, तेही सगळ्या वडीलधाऱ्यांना एकेक करून. ट्रायलला या सगळ्या हालचाली करून बघाव्यात: दोन्ही हात डोक्यावर, जमिनीवर मांडी, पुढे वाकणं. लाजायचं कारण नाही, टेलरने याहून बरंच काही पाहिलेलं असतं. आणि लग्नाच्या दिवशी आत जे घालणार आहात तेच घालून जा. आतला कपडा बदलला की छातीची उंची बदलते आणि केलेली सगळी फिटिंग वाया जाते.

हात वर केल्यावर ब्लाउज वर चढतो, तेव्हा घरातली एखादी मावशी लगेच सांगते, ‘मुंढा जरा खोल करून घे.’ बहुधा हा सल्ला उलटा पडतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, बगलेपासून खाली गेलेला असेल तर हात वर जाताना बाही अख्खा ब्लाउज सोबत ओढते. मुंढा बगलेला धरून असला की हात मोकळा फिरतो आणि अंग जागेवर राहतं. खोल केलेला मुंढा पुन्हा वर आणता येत नाही, कारण कापड गेलेलं असतं. बगलेत खरोखर टोचत असेल तर पुढच्या गोलाईत पाव इंच कोरून बघावं, त्याहून जास्त नाही.

टेलरला ‘नीट बसत नाहीये’ असं सांगून उपयोग नसतो. कुठे ते दाखवावं. चुण्या पाहायला शिका. आडव्या चुण्या पडल्या तर तिथे कापड कमी आहे. उभ्या पडल्या तर जास्त आहे. छातीपासून बगलेकडे तिरक्या ओढल्या जात असतील तर टक्स कमी पडलाय किंवा चुकीच्या जागी गेलाय. त्या चुणीलाच टाचणी लावून, फोटो काढून द्या. खांद्यावरून गळा घसरत असेल तर मागे दोन्ही खांद्यांना जोडणारी दोरी हा सगळ्यात स्वस्त उपाय. खांद्याची शिवण वर घेतली तरी चालतं, पण त्याने मुंढाही लहान होतो, एवढं लक्षात ठेवावं.

काही दोष मापाचे नसतातच. नव्या ब्लाउजवर इस्त्री केल्यावर पृष्ठभाग खडबडीत झाला, तर सुती अस्तर न भिजवता लावलं असणार. वाफेने अस्तर आटतं, रेशीम आटत नाही आणि वरचं कापड फुगून राहतं. तेच साडीच्या फॉलचं. फॉल न भिजवता लावला तर पहिल्या इस्त्रीत आटतो आणि निऱ्यांच्या खाली काठ गोळा होतो. हे मात्र घरी सुटतं: फॉल उसवायचा, पाण्यातून काढायचा, वाळवून इस्त्री करायचा आणि पुन्हा हातशिलाईने, धागा न ओढता लावायचा. पैठणीला फॉल मशीनवर लावू देऊ नये. जरीवर इस्त्री उलट्या बाजूने आणि वर सुती कापड ठेवून करावी. पॉलिस्टरवरची जर कडक इस्त्रीने आक्रसते.

शिवलेली नऊवारी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एक, उंची अनवाणी मोजा. विधीत पायात काही नसतं आणि हील घालून मापलेली नऊवारी पाटाजवळ पायात येते. रिसेप्शनच्या घागऱ्याचं नेमकं उलट, तो त्या दिवशी घालणार त्याच सँडल घालून मापायचा. दुसरी गोष्ट आसनाची. ते कमी पडलं तर उभं राहिल्यावर कळत नाही, मांडी घातली की कासोटा मागे ओढला जातो. घागऱ्याची उंची कमी करताना खालची जरीची पट्टी कापू नका, वरून नेफ्यापाशी कमी करा. कॅनकॅनचा थर मात्र वेगळा आखूड करावा लागतो, तो सगळे विसरतात.

नवरदेवाचं लवकर आटपतं. शेरवानी कमरेत, बाहीत, उंचीत जमवता येते, खांद्यात नाही. भाड्याची घेतानाही आधी खांदे पाहावेत.

फिटिंगची ही कटकट फक्त आपल्याकडची नाही. २९ जुलै १९८१ रोजी डायना लग्नाला निघाली. डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी तिचा रेशमी टॅफेटाचा ड्रेस शिवला होता. तिचं वजन उतरत गेल्याने कमरेचा भाग त्यांना पुन्हा पुन्हा आत घ्यावा लागला होता. तेवढं साधलं. पण पंचवीस फुटांचा घोळ आणि वडील यांच्यासह ती काचेच्या बग्गीत कशीबशी मावली आणि सेंट पॉल्सच्या पायऱ्यांवर उतरली तेव्हा टॅफेटावर पडलेल्या चुण्या सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिल्या. कपडा बसून बघायचा तो यासाठी.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नवरीचा लाल ‘साडो’ शिवायला शिंप्यालाच घरी बोलावण्याची रीत होती. तो शिवायला घेताना फटाके वाजत. त्यात हौस होतीच, शिवाय नवरी आणि शिंपी एका छपराखाली असल्याने फिटिंग तिथल्या तिथे होई. आता अमेरिकेत राहणारी मुलगी मापाचा जुना ब्लाउज कुरिअरने पाठवते आणि लग्नाच्या आठवड्यात विमानातून उतरते. अशा मुलींनी निदान एक ट्रायल कच्च्या शिलाईवर, म्हणजे अस्तराच्याच कापडाचा ब्लाउज शिवून, तो मागवून, अंगावर घालून करावी. वर्क त्यानंतर.

शेवटची ट्रायल लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी. त्याहून लवकर केली तर अंग बदलतं, उशिरा केली तर टेलर. रात्री जागून, त्याच्या डोक्यावर बसून करून घेतलेली दुरुस्ती सहसा सरळ टिपेची नसते.

लग्नाच्या सकाळी सोबत काय असावं: त्याच रंगाचा दोरा ओवलेल्या दोन सुया, लहान सेफ्टी पिना, सुटे हुक, छोटी कात्री, डबल टेप आणि बगलेत लावायचे घामाचे पॅड, कारण लाल-मरून रेशमाचा रंग घामाने सुटू शकतो. चेन अडकली तर दातांवर मेणबत्ती घासावी. शिवण उसवली तर काळजी नाही, धावदोऱ्याने भागतं. कापड फाटलं तर आतून अस्तराचा तुकडा देऊन टाके घालावेत आणि पदर त्या खांद्यावर घ्यावा.

आणि दुरुस्ती झाल्यावर टेलर कात्री उचलून ‘आतलं जास्तीचं कापून टाकू का?’ असं विचारतो, तेव्हा नको म्हणा. वर्षभरात दिराचं लग्न निघेल, डोहाळजेवण येईल आणि हाच ब्लाउज पुन्हा उसवायला काढावा लागेल.