ऐंशी सेंटिमीटरचं करायचं काय?

श्रावणातल्या शुक्रवारपासून संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत एका घरात किती ब्लाऊजपीस येतात आणि किती बाहेर पडतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कुठला ओटीत आलेला, कुठला आहेरातला, कुठला साडीसोबतच होता पण तिच्यावर दुसराच शिवल्यामुळे राहून गेलेला. त्यात प्रदर्शनात आवडला म्हणून घेतलेला मीटरभर कलमकारी छापा, गॅदरिंगच्या नाचातून उरलेलं सॅटिन आणि ‘कधीतरी उशांना होईल’ म्हणून ठेवलेली जुनी सुती साडी. कपाटाचा खालचा खण गच्च भरतो. शिवायला बसलं की मात्र हवं ते कापड त्यात सापडत नाही आणि बाई पुन्हा दुकानाची पायरी चढते.

हौशी शिवणकाम करणाऱ्या बायका जगभर असा कापडाचा साठा करतात. त्यांनी तो ठरवून, निवडून केलेला असतो. आपल्याकडे तो न मागताच होतो. त्यामुळे साठा कसा वाढवावा हा आपला प्रश्नच नाही. आहे त्यातून वस्तू का निघत नाहीत, हा आहे. त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे. धुतलेलं आणि मोजलेलं कापड कात्रीखाली येतं. बाकीचं गाठोड्यातच राहतं.

आधी मोजण्याचं पाहू. कापडाचा साठा लावायचा म्हटलं की रंगानुसार घड्या रचण्याचा मोह होतो. दिसतं छान, पण उपयोग शून्य. शिवताना पहिला प्रश्न ‘पुरेल का?’ हा असतो, रंगाचा नंतर येतो. आणि पुरण्या-न पुरण्याची निम्मी गोष्ट लांबीत नसून पन्ह्यात असते. साध्या पॉपलिनचा आणि हातमागावरच्या पुष्कळ कापडांचा पन्हा ३६ इंच, छापील कॉटन आणि केम्ब्रिकचा बहुधा ४४, शर्टिंग-सूटिंगचा ५८. तयार शर्टपीस १.६० मीटरचा असतो तो ५८च्या पन्ह्यामुळे. तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट ३६च्या कापडात बेतायचा तर अडीच मीटरच्या आसपास लागतं. लांबी मीटरमध्ये, पन्हा इंचात आणि साडी वारात मोजायची ही आपली खिचडी मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली आला तरी शिजतेच आहे. एक वार म्हणजे ३६ इंच, म्हणजे मीटरला साडेआठ सेंटिमीटर कमी, एवढं लक्षात असलं की जुन्या वह्यांमधली बेतणीची गणितं आजही वापरता येतात.

मोजायचं तेही नीट. दुकानदार पॉपलिनला कात्रीची टक मारून टर्रकन फाडून देतो तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, किती हा निष्काळजीपणा! खरं तर तेच कापड सर्वांत सरळ असतं, कारण साधं सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटतं. कात्रीनं कापून दिलेलं हमखास तिरकं निघतं. एका काठाला ८० सेंटिमीटर, तर दुसऱ्याला ७६. अशा वेळी काठाजवळ छोटा काप द्यायचा, आडवा एक धागा सुईच्या टोकानं सोडवायचा आणि हलक्या हातानं ओढत न्यायचा. धागा गोळा होत जातो, कापडावर एक विरळ रेष उमटते आणि त्या रेषेवरून कापलं की कड सरळ येते. मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापायचं आणि पुन्हा धागा धरायचा. वेळखाऊ आहे, पण तिरक्या कापडावर बेतलेला कुर्ता दोन धुण्यांत बाजूला फिरायला लागतो आणि मग शिलाईवर खापर फुटतं.

आता धुणं. माझा सगळा भर इथे आहे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, पुढे प्रक्रियेतही कापड ओढलं जातं. पाण्यात पडलं की तो ताण सुटतो आणि कापड मूळ जागेवर येऊ पाहतं. यालाच आपण आटणं म्हणतो. सुती कापड शेकडा तीन ते पाच आटतं असं धरून चालावं, मलमल आणि रेयॉन त्याहून जास्तही. अस्तराचा ब्लाऊज घातलेल्या प्रत्येकीनं हे अनुभवलेलं असतं. वरचं कापड पॉलिएस्टरचं, आतलं अस्तर न भिजवता लावलेलं. पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं तसंच राहतं आणि पाठीवर चुण्या पडतात. त्या कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत.

म्हणून कापड घरात आलं की आधी बादलीत. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी साबणाचा हलका हात, सावलीत वाळवून अर्धवट ओलं असतानाच इस्त्री. शिवायच्या दिवशी भिजवू म्हटलं की ते होत नाही, कारण शिवायचा उत्साह वाळण्याची वाट बघत नाही. रंग जातो का तेही इथेच कळतं. पाण्यात मूठभर मीठ टाकायची रीत घरोघर आहे. पण कच्चा रंग घरच्या मिठानं पक्का होत नाही. दोन-तीन पाण्यांनंतरही बादली लाल होत असेल तर त्या कापडाला पांढऱ्याची सोबत द्यायची नाही, इतकाच उपाय. रेशीम, जर आणि कृत्रिम रेशमाचा खण मात्र बादलीत घालू नये. तिथे फक्त अस्तर भिजवावं आणि वरचं ड्रायक्लीनच्या भरवशावर सोडावं.

धुण्याचा दुसरा फायदा साठवणीत दिसतो. कोऱ्या कापडात खळ असते आणि कसरीला ती फार आवडते. खळ गेलेलं, कोरडं कापड पुष्कळ टिकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्याअखेर घड्यांवर बुरशीचे ठिपके उठतात. जुन्या चादरीत किंवा धोतराच्या पानात बांधलेलं गाठोडं त्याहून केव्हाही चांगलं. दसऱ्याच्या सुमाराला एकदा सगळं बाहेर काढून वारं द्यावं आणि घड्या बदलाव्यात, विशेषतः जरीच्या. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेलं कापड तिथेच विरतं. डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र सांगायलाच हवं. ज्यातून तान्ह्या बाळाची अंगडी-टोपडी, दुपटी शिवायची आहेत त्या कापडात त्या ठेवू नयेत. नॅप्थॅलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. जन्मजात एका विकराची कमतरता असलेल्या बाळांना हा धोका जास्त, आणि ती कमतरता वरून दिसत नाही. कडुनिंबाचा वाळका पाला पुरे.

घडी घालताना प्रत्येक कापडाला दोऱ्यानं एक चिठ्ठी टाचावी. टाचणीनं नको, ती गंजते. चिठ्ठीवर लांबी, पन्हा, धुतलं की नाही आणि जात. जात ओळखायची तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख पडते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला काळा कडक मणी राहतो. ‘प्युअर कॉटन’ म्हणून घेतलेल्या कितीतरी कापडांचे असे मणी होतात.

या चिठ्ठ्यांचा उपयोग एका उदाहरणात सांगते. ऐंशी सेंटिमीटरचा, ४४ पन्ह्याचा सुती ब्लाऊजपीस घ्या. धुतल्यावर तो साधारण ७७ बाय १०८ सेंटिमीटर उरतो. नेहमीची उशी १७ बाय २७ इंच, म्हणजे ४३ बाय ६९. पन्ह्याच्या दिशेनं ९२ सेंटिमीटर घेऊन ते दुमडलं की एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला शिवण, अधेमधे सैलपणा, सगळं बसतं. लांबीत खालची शिवण आणि तोंडाची दुमड जाऊनही दोन-तीन सेंटिमीटर उरतात. बाजूला १६ सेंटिमीटर रुंदीची पट्टी राहते, तिच्यातून ४६ लांबीचा तुकडा काढून तोंडाशी आतून जोडला की उशी बाहेर न सरकायला झडपही झाली. म्हणजे एका ब्लाऊजपीसमध्ये एक अभ्रा, चिंधी जवळजवळ नाही. आता हाच पीस ३६ पन्ह्याचा असता तर? धुतल्यावर रुंदी ८८. उशीला दोन्हीकडून ८६ लागतात आणि शिवणीच्या मायेला उरतात अवघे दोन. अभ्रा होईल, पण उशी कोंबावी लागेल. वरून दोन्ही घड्या सारख्याच दिसतात.

३६चे पीस मग कुठे जातात? कुर्त्याच्या योकला, बाह्यांना, खिशांना, पिशवीच्या अस्तराला, लहान बाळाच्या झबल्याला. गडद रंगाच्या एखाद्या पिसाचा बळी देऊन त्याच्या तिरक्या पट्ट्या काढून ठेवाव्यात. तिरक्या कापाला ताण असतो, त्यामुळे गळ्याच्या गोलाईवर पायपिन चुणी न पडता बसते. शिवताना सुई मात्र बदलायची: मलमलीला ११ नंबर, पॉपलिन-केम्ब्रिकला १४, जाड कापडाला १६. सगळ्याला एकच सुई चालवणारे ‘मशीन टाके सोडतं’ म्हणून कुरकुरत राहतात.

खणाची गोष्ट वेगळी. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा अरुंद पन्ह्याचा तुकडा मुळातच एका चोळीसाठी असतो. दोन्ही काठ बाह्यांच्या कडेला येतील असा तो बेतायचा. त्यातून कुर्ता काढायचा अट्टहास केला की जोड द्यावे लागतात आणि ते लपत नाहीत. अलीकडे मीटरवर मिळणारं रुंद खणकापड त्यासाठीच आलं आहे. जुना, आजीच्या पेटीतला खण असेल तर त्याला सुती योकची किंवा पर्सच्या दर्शनी भागाची जागा द्यावी. तो तिथे शोभतो.

एवढं झालं की विकत काय घ्यायचं हे आपोआप ठरतं. मंगलदास मार्केटात, हिंदमात्याला, पुण्याच्या रविवार पेठेत किंवा इचलकरंजीच्या एखाद्या दुकानात शिरल्यावर मन पाघळतं ते छाप्यांवर, आणि ‘एक मीटर द्या’ हे शब्द तोंडातून निघतात. एक मीटर हे सर्वांत फसवं माप. ब्लाऊजला जास्त, कुर्त्याला कमी. छापा मनापासून आवडला असेल तर ४४ पन्ह्याचं अडीच मीटर घ्यावं; कुर्ता होतो आणि उरलेलंही कामाचं असतं. नाहीतर हात जोडून पुढे जावं. आपल्या साठ्यात छाप्यांची वाण कधीच नसते. नसतात ती त्यांना जुळवून घेणारी साधी कापडं. पांढरी मलमल, मोतिया केम्ब्रिक, काळं आणि मरून अस्तर, सुती टू बाय टू रुबियाचे दोन-तीन रंग. रुबियात उभे-आडवे दोन्ही धागे दुपदरी असतात, म्हणून तो पातळ असून दमदार असतो आणि नक्षीच्या कापडाशेजारी पडेल निघत नाही. ही कंटाळवाणी खरेदी आहे, मान्य. पण कपाटातले दहा छाप्याचे तुकडे तिच्यामुळेच मार्गी लागतात.

विताएवढे तुकडे उरतात त्यांची सोय आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच लावली आहे. गोधडीत किंवा वाकळेत वर ठिगळं, आत जुनी लुगडी आणि आरपार धावदोरा. मोजमाप लागत नाही की इस्त्री. पण तिथेही सगळी ठिगळं सारख्या जातीची असावीत, नाहीतर सुती तुकडा आटतो, शेजारचा पॉलिएस्टरचा फुगतो. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटलेल्या लोकांचे वंशज या समाजात आहेत. त्यांची रीत वेगळी: कडेपासून सुरुवात करून ठिगळं लावत, टाके घालत गोल गोल आत मध्यापर्यंत यायचं. आधी तुकडे जोडून मग गोधडी भरायची, असे दोन टप्पे त्यात नाहीत. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांचं ‘फूल’ लावल्याखेरीज कवंदी पुरी होत नाही. ज्यांना काटकोन जुळवायचा कंटाळा आहे त्यांनी ही रीत जरूर करून पाहावी. मशीन लागत नाही आणि तुकडे वेडेवाकडे असलेलेच बरे.

सगळं करून शेवटी पॉलिएस्टरचे चकचकीत ब्लाऊजपीस उरतातच. घाम टिपत नाहीत, अस्तराला चालत नाहीत, गोधडीतही नकोत. एखाद-दोन भाजीच्या पिशव्या त्यांच्या होतात, पावसात लवकर वाळतात म्हणून चांगल्याच. बाकीचे देण्याघेण्याच्या पिशवीत परत टाकावेत, न धुता. फक्त चिठ्ठीवर लांबी-पन्ह्याच्या जागी कुणाकडून आला ते लिहून ठेवा आणि ओटी भरण्याआधी ती आठवणीनं काढा.