क्लब पुण्याचा, गेला हैदराबादला, आता दिल्लीत! फुटबॉलवेड्यांनी जायचं कुठं?

कोल्हापूर : सामना हरला तर फुटबॉलवाला चार दिवस कुरकुरतो आणि पुढच्या सामन्याला परत मैदानावर जातो. हरण्याची त्याला सवय असते. पण क्लबच गाव सोडून गेला तर? किंवा सगळे खेळाडू करारात असताना स्पर्धाच बंद पडली तर? गेल्या काही वर्षांत देशातल्या फुटबॉलप्रेमींनी हे दोन्ही बघितलं. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तर त्याचा जास्तच फटका बसला.

इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०२५ च्या पावसाळ्यात अडकली ती नव्या वर्षापर्यंत अडकूनच राहिली. टीव्हीवर अर्धवट बातम्या येतात. कोर्ट, फेडरेशन, कंपनी, मंत्री अशी नावं कानावर पडतात. पण नेमकं कोण कुठं अडलं हे साध्या माणसाला कळत नाही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून समजून घेऊ.

पुण्याचा क्लब गेला कुठं?

आयएसएल २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आठ संघांवर सुरू झाली. त्यात महाराष्ट्राचे दोन संघ होते, मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी. पुण्याचे सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात व्हायचे. २०१७-१८ च्या हंगामात पुणे उपांत्य फेरीपर्यंत गेलं. पण पाचच हंगामांत मालकांच्या पैशाची बाजू ढासळली आणि २०१९ मध्ये क्लब बंद झाला. संघाची ती जागा नव्या मालकांनी घेतली आणि हैदराबाद एफसी उभा राहिला.

पुढं २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. पुण्याच्या माणसानं ते टीव्हीवर बघितलं असेल तर त्याच्या मनात काय आलं असेल, हे सांगायला नको. नंतर हैदराबादमध्येही खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले आणि २०२५ मध्ये हा क्लब दिल्लीला हलला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. दिल्लीचा मूळचा संघ दिल्ली डायनामोज २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता.

म्हणजे इकडचं बिऱ्हाड तिकडं, तिकडचं आणखी कुठं. गाव बदललं, नाव बदललं, जर्सीचा रंग बदलला. मागं राहिला तो फक्त प्रेक्षक.

पुण्याला हा अनुभव नवा नव्हता. पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला, आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद पडला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून आय-लीगमधून गेला. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा जुना, नावाजलेला संघ कंपनीनं २०१० मध्येच बंद केला. गोव्यात २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा न पटल्यानं साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तीन मातब्बर क्लब आय-लीगमधून बाहेर पडले.

शेत खंडानं दिल्यासारखा करार

आता मूळ मुद्दा. देशातल्या फुटबॉलचा सातबारा एकाच संस्थेच्या नावावर आहे. ती संस्था म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, एआयएफएफ. या महासंघानं डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्ससोबत १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. स्पर्धा भरवणं, जाहिराती, टीव्हीचे हक्क असा सगळा व्यवहार कंपनीकडं गेला. त्यातूनच फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड, एफएसडीएल, ही कंपनी आयएसएल चालवू लागली आणि महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी देऊ लागली.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर महासंघानं आपलं रान १५ वर्षं खंडानं दिलं. मशागत, बी, पाणी, विक्री सगळं खंडकऱ्याचं. मालकाला ठरलेली रक्कम घरपोच. त्यामुळं मालकाला शेती करायची सवयच राहिली नाही.

या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होती. हंगाम सुरू होतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि चालतो एप्रिलपर्यंत. तीन महिन्यांनी रान सोडायचं असेल तर ऊस कोण लावणार? कंपनीनंही तेच केलं. जुलै २०२५ मध्ये तिनं कळवलं, कराराचा निकाल लागेपर्यंत हंगाम स्थगित. महासंघालाही लगेच नवा करार करता येईना, कारण त्याच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं आणि निकाल लागेपर्यंत कराराबाबत निर्णय घेऊ नका असं न्यायालयानं सांगितलं होतं.

राजकारण आलं कुठून?

ते आधीपासूनच आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण घटनेचा वाद न्यायालयात असल्याचं कारण देऊन निवडणूक झाली नाही. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची समिती हटवून प्रशासक नेमले. तेव्हा जागतिक संघटना फिफानं बाहेरचा हस्तक्षेप झाल्याचं सांगत ऑगस्ट २०२२ मध्ये भारतावर बंदी घातली. बंदी ११ दिवसांत उठली आणि १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भारतात झाला. अंतिम सामना नवी मुंबईत झाला. पण त्या ११ दिवसांत गोकुलम केरळाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परतावं लागलं. पदाधिकाऱ्यांच्या भांडणाची किंमत कोण मोजतं, ते तिथं दिसलं.

२ सप्टेंबर २०२२ ला निवडणूक झाली. एका बाजूला देशाचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया. दुसऱ्या बाजूला माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते कल्याण चौबे. निकाल ३३ विरुद्ध १. भुतियाला एक मत! मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. भुतियासाठी स्टेडियम भरणाऱ्या प्रेक्षकाला तिथं मत नाही. सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या निवडणुकीत ठराव कुणाच्या नावानं करायचा यावर काय काय घडतं, ते गावाकडच्या माणसाला ठाऊक आहे. त्याला हा आकडा समजायला अवघड नाही.

कोर्टाचा निकाल लागला, तरी अडलं का?

१९ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं काही बदलांसह महासंघाची नवी घटना मंजूर केली. तिचा मसुदा माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी तयार केला होता. त्यात एक महत्त्वाचं कलम आहे. देशातली सर्वोच्च लीग महासंघाचीच राहील, ती महासंघच चालवेल आणि तिच्यात बढती-घसरण असेल. म्हणजे रान पूर्ण खंडकऱ्याच्या हातात द्यायचं नाही.

तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण व्यवहार वेगळा. महासंघानं नव्या भागीदारासाठी निविदा काढली. १५ वर्षांची मुदत, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के, यातली जी रक्कम मोठी ती द्यायची. ७ नोव्हेंबर ही शेवटची तारीख होती. एकही निविदा आली नाही. पैसे आपण घालायचे, जोखीम आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, हे कुठल्या कंपनीला परवडणार? १० वर्षं लीग चालवूनही क्लबांना नफा दिसला नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं.

दरम्यान बंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्येच खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीची मालक कंपनी, मुंबई सिटीतून बाहेर पडली. याच ग्रुपनं २०१९ मध्ये मुंबईत ६५ टक्के भाग घेतला होता आणि त्यानंतर मुंबईनं दोनदा आयएसएल करंडक जिंकला. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्रीसह देशाच्या खेळाडूंनी व्हिडिओ काढून थेट फिफाला साकडं घातलं.

शेवटी ६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं, १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू, १४ क्लब, ९१ सामने. नेहमीपेक्षा बराच लहान हंगाम. घोषणा मंत्र्यांनी करावी लागली, यातच बरंच काही आलं.

मैदानावर काय झालं?

वरचं भांडण कागदावर राहत नाही, ते मैदानावर उतरतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारं बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनं ०-१ नं हरवलं. लीग बंद असताना बरेच खेळाडू सरावाच्या सामन्यांवर दिवस काढत होते. नांगरट न करता पीक येत नाही.

आणि याच डिसेंबरमध्ये मेस्सी भारतात आला. १३ तारखेला कोलकात्यात लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटं काढली, पण मेस्सीभोवती पुढारी आणि पाहुण्यांचाच एवढा गराडा, की तिकीटवाल्याला तो नीट दिसलाच नाही. चिडलेल्या लोकांनी खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर कार्यक्रम सुरळीत झाला. म्हणजे फुटबॉलला गर्दी नाही असं कुणी म्हणू नये. गर्दी आहे, पैसा आहे. देशाची लीग मात्र त्याच आठवड्यात बंद होती.

दुसरीकडं काय करतात?

जर्मनीत ‘५०+१’ नावाचा नियम आहे. क्लबमध्ये कुणीही पैसे गुंतवावेत, पण मतांचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांच्या संस्थेकडंच राहिला पाहिजे. एक-दोन क्लबांना जुनी सवलत आहे, बाकी सगळ्यांना नियम लागू. आपल्या सहकारी कारखान्याच्या सभासदाला हे लगेच कळेल.

इंग्लंडमध्ये १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब मालकाच्या आर्थिक घोळामुळं २०१९ मध्ये लीगबाहेर फेकला गेला. २०२१ मध्ये सहा मोठ्या क्लबांनी प्रेक्षकांना न विचारता वेगळी सुपर लीग काढायला होकार दिला, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत क्लबांना माघार घ्यावी लागली. त्यातून पुढं जुलै २०२५ मध्ये कायदाच झाला. आता स्वतंत्र नियामक आहे. क्लबला मैदान सोडून दुसरीकडं जायचं असेल तर त्याची मंजुरी लागते, महत्त्वाच्या गोष्टींत प्रेक्षकांशी सल्लामसलत करावी लागते. पुण्याच्या वेळी असं काही असतं, तर निदान कुणीतरी विचारलं असतं.

अर्थात सभासदांची मालकी म्हणजे रामराज्य असं नाही. सभासदांचे कारखाने कर्जात कसे गेले, कवडीमोलानं कसे विकले गेले, हे महाराष्ट्रानं बघितलंय. पण तिथं निदान वार्षिक सभेत उभं राहून हिशेब मागता येतो. आयएसएलच्या प्रेक्षकाला तेवढंही नाही.

कोल्हापूरला काय त्याचं?

कोल्हापूरचं फुटबॉल वेगळ्या मुळावर उभं आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस हे संघ पेठांचे आणि तालमींचे. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले की गॅलरी भरते. हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, दोष भरपूर आहेत. पण पाटाकडील उद्या उठून हैदराबादला जाणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. कारण तो संघ कुणा एकाच्या वहीतला धंदा नाही.

पण इथल्या पोराला पुढं जायचं तर वरची लीग लागतेच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांना त्याचं नाव ठाऊक आहे. वरची लीगच अधांतरी राहिली, तर बाप म्हणणार, बॉल ठेव आणि भरतीची तयारी कर. त्या बापाची चूक म्हणता येणार नाही.

आता लक्ष कशावर ठेवायचं?

तीन गोष्टींवर. एक, महासंघाच्या सध्याच्या समितीची चार वर्षांची मुदत सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. निवडणूक वेळेत होते का आणि मतदार यादीत नव्या घटनेप्रमाणं माजी खेळाडू येतात का, ते बघावं लागेल. दोन, लीगसाठी कायमचा भागीदार मिळतो का, की दर वर्षी मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायची. तीन, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा. त्यात क्रीडा मंडळ आणि वादासाठी न्यायाधिकरण आहे. ते कागदावर राहतं की तक्रारी खरंच लवकर मिटवतं, हे कळेल.

प्रेक्षकाची मागणी फार मोठी नाही. क्लब हलवण्याआधी विचारा, हिशेब उघडा ठेवा आणि हंगामाची तारीख आधी सांगा. पेरणीची तारीख माहीत नसेल तर शेतकरी बी विकत घेत नाही. मग फुटबॉलवाल्यानं तरी तिकीट कशाच्या भरवशावर काढायचं?