कुत्री अडते तेव्हा

पोळा फुटला की गावोगावी कुत्र्यांचा हंगाम सुरू होतो. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा, म्हणून भादव्यात गाभण राहिलेली कुत्री कार्तिकात, दिवाळीच्या पुढेमागे व्यायला येते. वाशीम जिल्ह्यात तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, गोठ्याशेजारी कुटाराचा ढीग लागलेला असतो आणि त्या ढिगाच्या आडोशाला पोट लोंबलेली एखादी कुत्री दिसते. कुणाला तरी दया येते. पोतं अंथरलं जातं, भाकरी टाकली जाते, आणि ती गल्लीतली कुत्री हळूहळू त्या घरची होते. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. चार-सहा पिल्लं होतात आणि आई त्यांना सांभाळते.

पण सगळ्या जातींचा मिळून हिशेब धरला, तर शंभरातली पाचेक बाळंतपणं अडतात असं पशुवैद्यक मानतात. हा लेख त्या पाचांसाठी आहे. पुण्यामुंबईत रात्री दोन वाजताही सिझेरियन करणारा दवाखाना सापडू शकतो. आपल्याकडे वाशीमहून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था साधारण ८० किलोमीटर, आणि रिसोड किंवा मानोऱ्याच्या आतल्या खेड्यातून निघायचं तर आधी गाडी शोधण्यात तास जातो. गैरसमज सगळीकडेच असतात. इथे मात्र प्रत्येक गैरसमज कुत्रीच्या वाट्याचे दोन-तीन तास खातो, आणि तेवढेच तास तिच्याजवळ असतात.

“कुत्रीले काय दवाखाना लागते?”

निरोगी कुत्री स्वतःचं स्वतः बाळंत होते, हे खरंच आहे. पण रस्त्यावरून आणलेल्या कुत्रीचा आपल्याला काही इतिहास माहीत नसतो. मागच्या वर्षी तिला गाडीची धडक बसली असेल. कुत्री काही आठवड्यांत तीन पायांवर, मग चार पायांवर चालू लागते आणि आपण म्हणतो, बरी झाली. आत कमरेचं हाड वाकडं जुळलेलं असतं, पिल्लाची वाट अरुंद झालेली असते. ते कळतं थेट कळा सुरू झाल्यावर.

दुसरी गोष्ट त्या भागातल्या गाठीची. भटक्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. योनीत फुलकोबीसारखी गाठ वाढते, थेंबथेंब रक्त येत राहतं, आणि लोक समजतात कुत्री माजावर आहे. हा रोग विलक्षण आहे. त्याच्या जिवंत पेशीच समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात; जगभरातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आल्या आहेत. त्यावर विंक्रिस्टीन हे औषध चांगलं लागू पडतं, पण ते गाभणपणात देता येत नाही, आणि गाठ मोठी असेल तर ती पिल्लाची वाटच अडवते.

म्हणून गाभण कुत्री घरात घेतली की तिला पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याला दाखवावं. सोनोग्राफीत गर्भ साधारण पंचविसाव्या दिवसापासून दिसतो. पिल्लांची हाडं एक्स-रेवर पंचेचाळिसाव्या दिवसानंतर उमटू लागतात, आणि पंचावन्नाव्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेवर डोकी नीट मोजता येतात. त्या एकाच एक्स-रेमध्ये कमरेचं जुनं मोडलेलं हाडही दिसून जातं. मला विचाराल तर बाळंतपणाआधी एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते यावर करावेत. पाच पिल्लं आहेत हे माहीत असलं की चौथ्यानंतर कुत्री निजली म्हणून आपण निश्चिंत होत नाही. आणि एकच पिल्लू दिसलं, तरी सावध व्हावं. कळा सुरू करण्याचा इशारा पिल्लांकडून जातो. एकट्या पिल्लाचा इशारा पुरत नाही, दिवस भरून जातात, पिल्लू पोटातच वाढतं आणि मग मावत नाही.

“कळा सुरू झाल्या ना, मग रात्रभर वाट पाहू”

सगळ्यांत जास्त कुत्र्या या वाक्याने जातात.

व्यायच्या आधी १२ ते २४ तास कुत्रीच्या अंगाचं तापमान उतरतं. एरवी ते १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, ते ९९ च्या खाली येतं. मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर व्हॅसलीन लावून गुदद्वारात धरायचा, शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ. कुत्री अजून रुळलेली नसेल तर तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय हे करू नये. ती चावली किंवा तिची लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. गाभण आहे म्हणून ती सुरक्षित, असं काही नसतं.

तापमान उतरल्यावर ती धापा टाकते, माती उकरते, खात नाही, कोपरे शोधते. ही पहिली अवस्था सहा ते बारा तासांची, कधी चोवीस तासांची, आणि पहिलटकरणीत त्याहूनही लांबते. इथे वाट पाहणंच योग्य. गर्दी करू नये, पोरांना दूर ठेवावं. तापमान उतरून पूर्ण एक दिवस गेला आणि काहीच घडलं नाही, तर मात्र गर्भाशय काम करत नाहीये, असं समजून डॉक्टरला गाठावं.

ती पोट आवळून जोर देऊ लागली की घड्याळ हातात घ्या. सलग जोर देते आहे आणि २० ते ३० मिनिटांत पिल्लू आलं नाही, तर निघायचं. मधूनमधून हलका जोर देते आहे आणि दोन तास झाले, तरी निघायचं. दोन पिल्लांमध्ये अर्धा तास, तासभर, क्वचित त्याहून जास्त विश्रांती असते, पण आत पिल्लं आहेत हे माहीत असताना ती दोन तासांहून अधिक शांत राहिली तर फोन करावा, आणि चार तासांपर्यंत थांबूच नये. पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलं, कुत्री थरथरते, उलट्या करते, उठत नाही, अशा वेळी कोणताही हिशेब न करता निघावं.

आणि रंग पाहावा. पहिलं पिल्लू येण्याआधीच गडद हिरवा, काळपट स्राव दिसला तर वार सुटलेली आहे. आतल्या पिल्लाला प्राणवायू मिळणं थांबत चाललं आहे. एक पिल्लू आल्यानंतर तोच हिरवा रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो वारेचाच रंग. हा फरक माहीत नसल्याने लोक नको तिथे घाबरतात आणि हवं तिथे थांबून राहतात.

इथे मी घरचा आकडा ठरवून घ्यायला सांगेन. शहरातल्या माणसाने अर्ध्या तासाने निघायचं, तर तालुक्यापासून दूर असलेल्याने पंधराव्या मिनिटाला फोन लावायचा आणि गाडी दारात आणायची. वाटेत पिल्लू झालं तर परत फिरता येतं. उलटं करता येत नाही.

“एक इंजेक्शन दिलं की मोकळी होते”

ऑक्सिटोसिनचं नाव खेड्यापाड्यांत म्हशीचा पान्हा सोडवण्यासाठी माहीत झालं. त्याचा इतका गैरवापर झाला, की २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी आणली होती. ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. औषध वाईट नाही. गर्भाशय दमलं असेल आणि वाट मोकळी असेल, तर पशुवैद्य ते अगदी थोड्या मात्रेत देतात. पण पिल्लू आडवं असेल, हाड वाकडं असेल, गाठ वाटेत असेल, तर हे इंजेक्शन म्हणजे बंद दारावर आतून धडका देणं आहे. गर्भाशय फाटू शकतं, वार अवेळी सुटून पिल्लं गुदमरतात. काय अडलं आहे ते तपासल्याशिवाय ते कुणीही देऊ नये, मग तो कितीही जुना जाणता असो.

गावच्या लहान सरकारी पशुदवाखान्यात बहुधा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतात, त्यांच्याकडून शस्त्रक्रियेची अपेक्षा करू नये. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं, पण ते मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. त्याच्या भरवशावर अडलेली कुत्री घरी ठेवू नये.

“पाय आधी आले, म्हणजे अडलं”

नाही. कुत्रीची दहातली चारेक पिल्लं मागच्या पायांनीच येतात आणि सुखरूप येतात. अडचण होते ती पाय आत दुमडून नुसती शेपटी आणि पुठ्ठा आधी आला तर. दिसणारे पाय धरून ओढू नयेत. नवजात पिल्लाचा सांधा सहज निखळतो.

“सीझर केलं की दूध आटतं, नसबंदी केली तर आटतंच”

दूध उतरवणारी संप्रेरकं मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतात, गर्भाशयातून किंवा बीजांडांतून नाही. सिझेरियनच्याच वेळी गर्भपिशवी काढून नसबंदी केली, तरी कुत्रीला दूध येतं. प्रकृती साथ देत असेल तर रस्त्यावरच्या कुत्रीसाठी हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण पुन्हा भूल आणि पुन्हा पोट उघडणं टळतं. पहिल्या काही तासांत मात्र ती भुलीच्या गुंगीत असते, पिल्लं अंगाखाली घेईल किंवा ओळखणारही नाही. तोवर पिल्लं शेजारी उबेत ठेवायची आणि आपण बसून एकेक आचळाला लावायचं. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतला चीक चुकवू नये. रोगांशी लढायची शक्ती पिल्लाला जवळजवळ सगळी त्यातूनच मिळते, आणि त्यानंतर आतडं ती शोषून घेऊ शकत नाही.

“बाळंतीण आहे, लाडू चारा”

यामागची माया मी समजू शकतो, पण हे लिहायलाच हवं. डिंकाच्या लाडवात पुष्कळ घरी मनुका किंवा बेदाणे घालतात. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. जायफळ, कांदा, लसूण हेही टाळावं. बाळंतिणीजवळ ठेवतात तशी निखाऱ्याची शेगडी आणि धुरी ठेवू नये; धूर पिल्लांच्या फुप्फुसात जातो. तिला लागतं ते जास्त अन्न: शेवटच्या तीन आठवड्यांत थोडं थोडं पण वारंवार, आणि दूध पाजताना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. भाकरी-दुधाबरोबर उकडलेली अंडी, कोंबडी, डाळभात. पाणी सतत.

कॅल्शियमचं औषध गाभणपणात आपल्या मनाने सुरू करणं, ही तर समजूतदार घरांतली चूक. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतून ते काढण्याचं काम मंदावतं, आणि ऐन दुधाच्या दिवसांत रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत कुत्री अचानक धापा टाकू लागली, ताठली, थरथरू लागली, तर ती थंडी नव्हे. पिल्लं बाजूला करून तिला तासाभरात शिरेतून कॅल्शियम मिळायला हवं, आणि तेही डॉक्टरच्याच हातून.

पिल्लांबद्दल

पिल्लू जन्मतः रडलं नाही तर पाय धरून झटकायची जुनी पद्धत आहे. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाकातोंडातला चिकटा पुसावा, कोरड्या टॉवेलने पाठ आणि छाती जोमाने चोळावी, ऊब द्यावी. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड पोटात दूध पचत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवती ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षातल्या पहाटा कडाक्याच्या असतात. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवावी, म्हणजे उकडलं तर पिल्लं सरकू शकतात.

आई नसेल तर गायीचं दूध, तेही पाणी घालून, पाजलं जातं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर कमी. पाणी घातलेल्या दुधावर पिल्लू हगवणीने आणि उपासाने एकदमच खचतं. पिल्लांसाठीची दूध-पावडर तालुक्याच्या ठिकाणी मिळते का, ते आधीच विचारून ठेवावं. पाजताना पिल्लू पालथं असावं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू मारते, हीही समज खोटी आहे. पिल्लं टाकली जातात ती आई आजारी असेल, दुखत असेल, सारखी छेडली जात असेल, किंवा पिल्लूच गार पडलेलं असेल तर.

“एक तरी वेत होऊ द्यावं”

वेत झाल्याने कुत्रीची प्रकृती सुधारते, याला वैद्यकीय आधार नाही. पिल्लांचं पुढे काय होतं, ते पाहा. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की सात महिन्यांची होईपर्यंत १०० तली ८१ मेली होती, आणि त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. नगरपरिषदेकडे तसा लेखी अर्ज करावा.

हे पुढच्या हंगामाचं झालं. या हंगामात तुमच्या कुटाराच्या ढिगाआड एखादी कुत्री येऊन निजली असेल, तर आज दिवसाउजेडी दोन फोन करा: रात्री सिझेरियन कोण करतं आणि रात्री गाडी कोण देतं. दोन्ही नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.