रायफलीचा बोल्ट सुळकन का सरकतो?

गिऱ्हाईक दुकानात आले की वस्तूची पारख आधी हाताने करते. कपाटाचा खण ओढून बघते, कुलपात किल्ली फिरवून बघते, शिवणयंत्राचे चाक हलवून बघते. परदेशात शिकारीच्या रायफली विकणाऱ्या दुकानांतही हेच चालते. गिऱ्हाईक रायफल उचलते, बोल्ट मागेपुढे करते आणि "ही मऊ चालते, ती अडखळते" असा निकाल देऊन मोकळे होते. हा निकाल कितपत खरा असतो? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा छंद बंद झाला आहे, तेव्हा हा लेख शिकारीसाठी नाही. लोखंडावर लोखंड सरकवण्याचे काम ज्यांच्या हाती आहे, त्या फिटर, टर्नर, कुलूपवाले आणि अवजारांचे व्यापारी यांना यात शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी रचना पाहू. बोल्ट म्हणजे नळीच्या मागे सरकणारा पोलादी दांडा. मूठ वर उचलली की तो फिरतो व कुलूप सुटते. मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की पेटीतले नवे काडतूस नळीत जाते आणि मूठ खाली केली की कुलूप बसते. कुलपाचे काम बोल्टवरचे उंचवटे करतात. त्यांना 'लग' म्हणतात. बार उडताना मागे येणारा सगळा दाब हे लग पेलतात.

आता मऊपणा कशावर ठरतो ते पाहू. पहिली गोष्ट आधाराची. सुतार बंधूंना ठाऊक आहे की रुंद पण आखूड खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो. बोल्टचेही तसेच आहे. मूठ एका बाजूला असल्याने ओढ नेहमी तिरकी बसते. पूर्ण मागे आलेल्या बोल्टला आधार थोडा उरतो आणि तिथेच तो डगमगतो. अमेरिकेच्या वेदरबी मार्क पाच रायफलीत यावर चांगला तोडगा आहे. बोल्टचा दांडाच लगांइतका जाड ठेवल्याने लगांसाठी वेगळ्या खाचा लागत नाहीत आणि बोल्ट गोल भोकात दट्ट्यासारखा चालतो.

दुसरी गोष्ट मूठ किती उचलावी लागते ही. मौझर पद्धतीत दोन लग समोरासमोर असतात आणि मूठ सुमारे ९० अंश फिरते. फिनलंडच्या टिक्का टी-३ मध्ये ती ७० अंश, ली-एनफिल्डमध्ये ६० अंश आणि नऊ लगांच्या वेदरबीत ५४ अंश फिरते. कमी फिरवावी लागते ती चांगली, असे वाटेल. परंतु बहुतेक रायफलींत मूठ उचलतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते. तेवढीच स्प्रिंग थोड्या फेरीत दाबायची तर जोर जास्त लागणारच. जिना आखूड केला की पायऱ्या उंच होतात, तसेच हे. ली-एनफिल्डने हा जोर दुसरीकडे टाकला. तिची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, म्हणून मूठ हलकी उचलते, पण शेवटच्या ढकलीला जोर लागतो. आपल्या ईशापूर कारखान्याची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल याच घराण्यातली आहे.

तिसरी गोष्ट पेटीची. क्राग-योर्गेनसेन ही नॉर्वेची रायफल मऊपणाबद्दल आजही नावाजली जाते. तिचा बोल्ट पुढच्या एकाच लगाने कुलूप होतो आणि काडतुसे बाजूच्या पेटीतून येतात. परंतु त्या एका लगानेच तिची ताकद मर्यादित केली. अमेरिकी सैन्याने ती १८९२ मध्ये स्वीकारली. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात समोर मौझर आल्या तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या आणि १९०३ मध्ये अमेरिकेने मौझरच्या वळणाची स्प्रिंगफील्ड रायफल घेतली. उलट १८९८ ची जर्मन मौझर मागे ओढली की खुळखुळते, पण धूळ-चिखलातही चालते आणि काडतूस पेटीतून निघताच पंजात घट्ट धरते. दुकानात क्राग जिंकते, रानात मौझर. मऊपणा हा एक गुण आहे, सगळे गुण नव्हेत.

व्यापारी बंधूंसाठी विंचेस्टर मॉडेल ७० चा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या या रायफलीचे मोठे नाव होते. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी घडण बदलली व मौझरचा तो पंजा काढून टाकला. गिऱ्हाइकाच्या हाताला फरक लगेच कळला. पुढे कंपनीने बोल्ट तिरका होऊ नये म्हणून सुधारणा केली आणि १९९० च्या दशकात पंजाही परत आणला. तरीसुद्धा जुन्या बाजारात '१९६४ पूर्वीची' म्हटले की आजही भाव चढतो. उलट २००३ मध्ये आलेल्या टिक्का टी-३ ने दाखवले की नेमके यंत्रकाम केले तर मध्यम किमतीतही बोल्ट सुळकन चालतो.

तुलना करायची तर दोन्ही वस्तू सारख्या स्थितीत हव्यात. जुनी, वापरून घासलेली रायफल नव्यापेक्षा मऊ लागणारच. घट्ट झालेले तेल चांगला बोल्टही जड करते. म्हणून दोन्ही पुसून सारखेच तेल लावावे. बोल्ट आधी सरळ, मग मुद्दाम तिरका ओढावा, कारण घाईत हात तिरकाच जातो. रिकाम्या पेटीवर निकाल देऊ नये, बिनदारूची सरावाची काडतुसे भरून पाहावे. मूठ उचलायला लागणारा जोर स्प्रिंगकाट्याने मोजावा, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

शेवटी कारागिरांना एक कळकळीचे सांगणे. अडखळणारा बोल्ट पॉलिश करून मऊ करता येतो, पण कुठे घासायचे हे कळले पाहिजे. जुन्या मौझरसारख्या रायफलींचे पोलाद आतून चिवट असते व वरचा पातळ थरच कडक केलेला असतो. लगांच्या दाब पेलणाऱ्या बाजू घासल्या तर तो थर जातो, लग हळूहळू खाच पाडतात, काडतुसामागची जागा वाढते आणि एखाद्या दिवशी काडतूस फुटून गरम वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे हाही गुन्हा आहे. तेव्हा असे काम परवाना नसलेल्याने हाती घेऊच नये.

हाच नियम कुलपाला, लेथला आणि शिवणयंत्रालाही लागू आहे. भाग सरकतो कुठे आणि भार पेलतो कुठे, हे आधी ओळखावे. सरकण्याची जागा चकचकीत करा, भार पेलणाऱ्या जागेला कानस लावण्याआधी दहा वेळा विचार करा.